बाजूला ठेवलं आहे

पैज लागली ती माशीवरून.

रविवारची सकाळ होती. ऊन इमारतीच्या अंगणात अजून अर्धंच उतरलं होतं. तळमजल्यावरच्या हिशेबनिसांनी दारात खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, की आपण आता नवा कॉम्प्युटर घेणार, आणि तो असा घेणार की त्यात माशी शिरणार नाही.

हिशेबनीस म्हणजे जन्मभर एका कारखान्याचा जमाखर्च सांभाळून निवृत्त झालेला माणूस. दाराला दोन कड्या, वर साखळी, आणि कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, जिन्यापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढायचं. एवढा सावध माणूस, पण जुन्या कॉम्प्युटरवर 'तुमचं नशीब उघडा' अशी मेल आली आणि यांनी ती खरोखर उघडली. दुसऱ्या दिवशी यांच्या नावाने तमाम नातेवाइकांना पत्रं गेली: मी परक्या गावी अडकलोय, अंगावर फक्त बनियन आहे, काहीतरी करा. कुणी काही केलं नाही. एका मेव्हण्याने तेवढं बनियनचं माप विचारलं.

"माशी शिरणार नाही?" पाचर म्हणाला.

पाचर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण दोन माणसं सुखाने बोलताना दिसली की हा मधे पाचर मारणार म्हणजे मारणारच, म्हणून सगळी इमारत त्याला तेच म्हणायची. पन्नाशीला टेकलेला गडी, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, नाकाखाली पिळदार मिशी. दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावर सगळ्यात खालच्या बारीक ओळीत त्याने छापून घेतलं होतं: 'हे वाचता येतंय ना? मग आलात कशाला?' एकदा लिफ्टमध्ये पाटी लावली, 'ही लिफ्ट आता आवाजावर चालते, मजला मोठ्याने सांगा.' आठवडाभर अख्खी इमारत लिफ्टमध्ये शिरून कोकलत होती.

"काका, मी शिरवतो माशी," पाचर म्हणाला. "महिनाभरात तुमच्या नव्या पडद्यावर माशी चालताना दिसली नाही, तर इथे अंगणात, सगळ्यांसमोर, अर्धी मिशी उतरवीन."

"अर्धीच का रे?" जिन्यात काज करत बसलेल्या शिवणवाल्या मावशींनी विचारलं. "पूर्ण उतरव. बरा दिसशील."

"म्हणून तर अर्धी, मावशी. बरा दिसलो तर ती शिक्षा कसली?"

"आणि दिसली माशी तर?" हिशेबनीस.

"तर तुम्ही डोक्यावर बादली घालून अंगणाला फेरी मारायची. गाणं म्हणत."

"मंजूर!"

टाळी पडली. वरच्या गॅलरीत पाचरची बायको कपडे वाळत घालत होती. ती वाकून म्हणाली, "मिशी उतरवायच्या आधी मोरीतला नळ बघा. महिना झाला गळतोय." तिच्या मागून कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, म्हणजे चिमणीने, डोकं बाहेर काढलं.

"बाबा, तुम्ही हरणार."

"हरलो तर फोटो काढशील?"

"फोटो? व्हिडिओ काढीन. गावभर दाखवीन."

असं काही ऐकलं की पाचरला फार गोड वाटायचं. लोकांनी आपल्याकडे बघावं, हसावं, शिव्या द्याव्यात, एवढंच त्याला हवं असायचं. बाकी जेवणखाण मिळालं नाही तरी चालेल.

कॉम्प्युटर घ्यायला हिशेबनीस गेले आणि पाचरही त्यांच्याबरोबर गेला. चोरानेच कुलूप निवडायला मदत करावी, यात त्याला भारी मजा वाटत होती.

दुकान लांबट होतं. भिंतीभर पडदे लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र: निळा समुद्र, हळू हळू हलणारा. आवाज नव्हता. त्या निळ्या उजेडात दुकानवाली बाई स्टुलावर बसली होती, आणि बोलायची ती इतकं सावकाश, की वाक्य संपेपर्यंत आपण जागे आहोत की पेंगतोय हे कळेना.

"लॅपटॉप दाखवू?"

"नको. उचलून नेता येतो," हिशेबनीस म्हणाले. "चोराला सोपं."

"मग टेबलावरचा घ्या. कॅमेऱ्याला झाकण आहे. अपडेट मागेल तेव्हा द्यायचं, उद्या म्हणायचं नाही. आणि पासवर्डला मुलीचं नाव ठेवू नका."

हिशेबनीस दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तेच ठेवतात."

"अँटिव्हायरस फुकटवाला चालेल ना?"

"वाईट नसतो. पण तो ओळखीचे चोर पकडतो. नवा चोर आला की त्याला बसा म्हणतो, पाणी देतो."

"मग दोन टाकू. एकाला दुसरा."

"दोन नका टाकू. ते एकमेकांनाच चोर समजतात, आणि मशीन बसतं रांगत." बाई उठली, मागच्या फळीवरून एक निळी डबी काढून तिने काउंटरवर ठेवली. डबीवर एका घराचं चित्र होतं, बाकी काही नाही. "हा वेगळा आहे. हा चोर शोधत नाही. हा घर शिकतो. घरात कोण कोण आहे, कोण कसं बोलतं, कसं टाइप करतं, कशाला हसतं. एकदा घर शिकून झालं, की जे घरातलं नाही ते बाजूला ठेवतो."

"मारून नाही टाकत?" पाचरने विचारलं.

"नाही. बाजूला ठेवतो. मग अधूनमधून मालकाला विचारतो, हे तुमचं आहे का." तिने पहिल्यांदाच पाचरकडे बघितलं. "शिकत असतो तेव्हा त्याच्यासमोर जरा सरळ वागा. त्याला थट्टा कळत नाही."

"म्हणजे आमच्या बायकोचं आणि त्याचं छान जमेल."

बाई हसली नाही. मागचे समुद्र तेवढे हलत राहिले.

हिशेबनिसांची बाहेरची खोली म्हणजे अर्ध्या इमारतीची बैठक. फोन सगळ्यांकडे होते, पण मोठ्या पडद्यावर अर्ज भरायचा, निकाल बघायचा, परगावच्या नातवंडांशी बोलायचं, तर यांच्याकडेच. त्यामुळे घर कोणतं आणि घरातलं कोण, हा प्रश्न आला. हिशेबनिसांनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. अंगणात हाक मारून त्यांनी एकेकाला आत बोलावलं. खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, मी अमुक मजल्यावर राहते, मला अमुक आवडतं असं चार वाक्यं बोलायचं, तेच टाइप करायचं आणि उठायचं. मावशी लाजत लाजत बोलल्या. पाचरची बायको बोलली, ती नळाबद्दल. चिमणीने एक गाणं गुणगुणलं.

पाचरची पाळी आली तेव्हा त्याने गालात कापूस कोंबला, दुकानातला भिंगाएवढा जाड चष्मा उलटा चढवला, मिशीवरून बायकोची ओढणी घेतली आणि बारीक आवाजात म्हणाला, "मी शिवणवाल्या मावशी. मला सुईत दोरा ओवायला आवडतो, माणसांत भांडणं लावायला त्याहून जास्त."

खोली हसून लोळली. मावशींनी टेप फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी तो हिशेबनिसांच्या खोकल्यासकट हिशेबनीस होऊन बसला. मग बायको होऊन बसला. मग चिमणी. तो घर शिकण्याचा आठवडा पाचरने असा सोन्यासारखा वापरला. सगळ्यांच्या नावाने तो त्या खुर्चीत बसून आला. स्वतः म्हणून तेवढा एकदाही बसला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

मग माशी सुरू झाली.

पहिली माशी पेनड्राइव्हवर होती. कुणा ओळखीच्याकडून करून घेतलेली, पडद्यावर सहा पायांनी तुरुतुरु चालणारी. हिशेबनीस पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात पाचरने ती खुपसली. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी निळी चौकट उघडली.

अनोळखी वस्तू. बाजूला ठेवलं आहे.

आणि चौकट मिटली. आवाज नाही, आरडाओरडा नाही. जुना अँटिव्हायरस कसा भोंगा वाजवायचा! हा म्हणजे कुणीतरी तुमचा हात हळूच धरून टेबलावरून खाली ठेवावा, तसा.

दुसरी माशी त्याने हिशेबनिसांच्या परदेशातल्या मुलीच्या नावाने मेल करून पाठवली. बाजूला ठेवलं आहे. तिसरी नातवाच्या फोटोत दडवली. बाजूला ठेवलं आहे. हिशेबनीस येता जाता स्वतःच्या मिशी नसलेल्या ओठावरून बोट फिरवून दाखवायचे.

पाचर काही हार मानणारा नव्हता. त्याने खेळण्यांच्या दुकानातून काळी प्लास्टिकची माशी आणली, पंखांना चकाकी असलेली, आणि सरळ काचेवर चिकटवली. पडद्यावर माशी दिसायला हवी एवढंच ठरलं होतं. चालायचं कसं ते नंतर बघू, वाद घालू, गोंधळ करू. तो सोफ्यावर बसून वाट बघू लागला.

हिशेबनीस आले, बसले, विजेचं बिल बघितलं, मुलीची मेल वाचली. माशी बरोबर त्यांच्या नाकासमोर, मेलच्या पहिल्या ओळीवर बसलेली.

"काका, माशी!"

"कुठे?"

"ही काय!" पाचरने उठून माशीवर बोट ठेवलं. प्लास्टिकचे पंख बोटाला टोचले.

हिशेबनिसांनी चष्मा वर केला, खाली केला, पडद्याजवळ गेले. "काही नाहीये रे इथे."

"मावशी, तुम्ही सांगा!"

मावशी आल्या, वाकल्या. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवणारे डोळे त्यांचे. माशीच्या आरपार बघून म्हणाल्या, "मला अक्षरं दिसतायत नुसती."

कोपऱ्यात निळी चौकट हळूच उघडली आणि मिटली.

मग पाचरच्या सगळं लक्षात आलं. तो खदाखदा हसला. म्हणजे ही मंडळी उलट त्याच्यावरच डाव टाकत होती! वा रे वा! इतकी वर्षं त्याने शिकवलेलं वाया गेलं नव्हतं. त्याने माशी तिथेच राहू दिली आणि मनातल्या मनात सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

डाव चांगलाच रंगला. जिन्यात उभं राहून त्याने एक नवा विनोद सांगितला, टक्कल पडलेल्या न्हाव्याचा. समोरच्यांपैकी कुणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. माणसं अशी थांबली, जशी वरून विमान गेलं की बोलणारे थांबतात. मग ती पुन्हा बोलू लागली. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "अगं, एक गंमत आठवली बघ," आणि त्यांनी तोच विनोद सांगितला, न्हाव्यासकट, टकलासकट. सगळे हसून हसून कठड्याला टेकले. पाचरसुद्धा हसला. तयारी काय जबरदस्त होती मंडळींची!

त्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं यायची. तो काउंटरवर कोपरं टेकून उभाच असायचा. गिऱ्हाईक दारात थांबायचं, इकडे तिकडे बघायचं आणि म्हणायचं, "दुकान उघडं टाकून गेला कुठे हा?" पाचर म्हणायचा, "इथेच आहे, साहेब, या." गिऱ्हाईक जायचं. बाहेर रस्त्यावर ऊन दुधासारखं पसरलेलं. चष्म्यांच्या रांगेतल्या सगळ्या काचांत एकेक छोटा पाचर उभा. आरशातही तो होता, मिशीसकट, स्वच्छ. आरशाला कुणी फितवलं नव्हतं.

इमारतीपुरतं ठीक होतं. पण रस्त्यावरच्या परक्या माणसांना हिशेबनिसांनी कसं पटवलं, हे त्याला काही केल्या उमगेना.

घरी आला तर चहाचे दोनच कप. बायको आणि चिमणी खिडकीशी बसून पीत होत्या.

"तुलाही फोडलं का त्यांनी?" तो हसत म्हणाला.

बायकोने मान वर केली. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याजवळच्या हवेकडे. "वारा सुटला वाटतं," ती म्हणाली, उठली आणि खिडकी लावली.

"बास आता," पाचर म्हणाला. "जिंकलात तुम्ही. बास."

तो चिमणीसमोर जाऊन बसला. लहानपणापासून तिला एक गोष्ट हमखास हसवायची. मिशीची डावी बाजू वर, मग उजवी, मग डावी. त्याने नाचवली मिशी. चिमणी बिस्कीट चावत त्याच्याकडे बघत राहिली, अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि मग फोनकडे बघून हसली. फोनमध्ये काहीतरी गमतीचं होतं.

त्याने बायकोचा हात धरला. ऊबदार होता, नेहमीचा होता, कपड्यांच्या साबणाचा वास असलेला. तिने दुसऱ्या हाताने त्या जागी जरा खाजवलं आणि हात काढून घेतला.

मोरीतला नळ त्याने त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. पाना घेऊन, ठोकठोक आवाज करत. "बघ, आपोआप थांबला," बायको मुलीला म्हणाली.

सकाळी तो उठला तेव्हा पलंगाच्या अगदी कडेला होता. बायको मधोमध झोपली होती, हातपाय सैल पसरून, वर्षानुवर्षं एकटीच झोपत असल्यासारखी. कपाटावर मागच्या सहलीचा फोटो होता. त्यात ती होती, चिमणी होती, आणि दोघींच्या मधे आकाशाचा एक तुकडा. बायकोचा हात खांद्याच्या उंचीवर होता, कशावर तरी ठेवलेला. तिथे काही नव्हतं.

पाचर फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. फोटोला काही कुणी फितवू शकत नाही. एवढी थट्टा त्यालासुद्धा येत नव्हती.

तो कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. भिंतीभर समुद्र हलत होते. बाई स्टुलावर तशीच बसली होती. तो काउंटरशी उभा राहिला तेव्हा तिने मान थोडी तिरकी केली, दूर कुठेतरी रेडिओ लागलाय आणि गाणं ओळखीचं आहे का ते बघावं तशी.

"कोण?" ती म्हणाली.

"मी. हिशेबनिसांबरोबर आलो होतो. बाई, तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"शिकताना सरळ वागला नाहीत तुम्ही."

"चुकलो. आता मला तिथून काढा. काय बटण असेल ते दाबा."

"माझ्या हातात नसतं ते. तो विचारतो, हे तुमचं आहे का. तेव्हा कुणीतरी हो म्हणायचं असतं."

"हिशेबनिसांनी?"

"घरातलं कुणीही चालतं. त्याच्या लेखी तुमची अख्खी इमारत एकच घर आहे."

"आणि नाही म्हटलं तर?"

बाई कापडाने एक पडदा पुसू लागली. समुद्रावरून कापड फिरलं, लाटा तशाच राहिल्या.

"नाही म्हटलं तर काय होतं, बाई?"

"जरा मोठ्याने बोला," ती म्हणाली. "नीट येत नाहीये आवाज."

तो ओरडला. होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला. तिने मान सरळ केली, हातातलं कापड घडी करून ठेवलं, आणि दुकान ओस असल्यासारखी जांभई दिली.

आता त्याला एकच रस्ता दिसत होता. पैजेचा रविवार आला होता. अंगणात सगळे जमणार होते, बायको, चिमणी, मावशी, हिशेबनीस. हरलेला माणूस सगळ्यांसमोर बसून अर्धी मिशी उतरवतोय, हे बघितल्यावर हसणार नाही असा माणूस या इमारतीत जन्मला नव्हता. एक जण हसला तरी पुरे. जो हसेल त्याने आपल्याला बघितलं असेल, आणि ज्याने बघितलं तो 'हो' म्हणेल.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. परदेशातल्या मुलीलाही गंमत दिसावी म्हणून हिशेबनिसांनी लांबलचक वायर ओढून कॉम्प्युटर बाहेर टेबलावर आणला होता. कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं. टेबलासमोर एक खुर्ची रिकामी ठेवलेली. ऊन कोवळं होतं, हवा थांबलेली, आणि सगळ्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे मऊ येत होते.

पाचर घरून पाण्याचा मग, ब्रश आणि वस्तरा घेऊन आला आणि त्या खुर्चीत बसला.

"किती वाजता येणार तो?" मावशींनी विचारलं.

"कोण?" हिशेबनीस म्हणाले.

"अहो, तो... मिशीवाला."

"हां. तो." हिशेबनीस विचारात पडले. "कुठल्या मजल्यावरचा तो?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मी हरलो, काका!" पाचर ओरडला. "हा बघा, हरलो!"

त्याने फेस केला. ब्रश मगात खळखळला. चिमणीने फोन उचलून त्याच्यावर रोखला, आणि पाचरने चेहरा फोनकडे वळवला. व्हिडिओ काढीन म्हणाली होती. काढतेय.

त्याने वस्तरा लावला.

डावी बाजू. एक ओढ. दुसरी. केसांचे काळेपांढरे झुबके फेसासकट अंगणाच्या फरशीवर पडले. ओठाला गार वारा लागला. तो सगळ्यांकडे वळला, उरलेली अर्धी मिशी वर करून, डोळे तिरळे करून, जीभ बाहेर काढून.

कुणीच हसलं नाही.

चिमणीने फोन खाली घेतला. "मी काय काढत होते?" ती स्वतःशीच म्हणाली.

"हरलं कोण मग?" मावशींनी विचारलं.

"कुणीतरी हरलं खरं," हिशेबनीस म्हणाले. "कारण मी जिंकलोय, एवढं आठवतंय."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात निळी चौकट उघडली. या वेळी ती मिटली नाही. हिशेबनिसांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"एक वस्तू बाजूला ठेवली आहे. ही तुमची आहे का? हो. काढून टाका. नंतर विचारा."

"कसली वस्तू?" मावशी.

"ते काही सांगत नाही."

"मग टाका काढून. उगाच जागा अडते."

"हो म्हणा!" पाचर उभा राहून ओरडला. "काका, हो म्हणा! अगं, तू तरी म्हण!"

हिशेबनिसांचा हात माऊसवर गेला. बाण पडद्यावरून हळू हळू सरकला, 'हो'च्या जवळून, पुढे.

"थांबा," पाचरची बायको म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिलाही आपण का बोललो ते कळलं नसावं. ती पडद्याकडे बघत होती आणि एका हाताने दुसरा हात चोळत होती, त्याने धरला होता तिथे.

"कुणाचं तरी असेल," ती म्हणाली. "राहू द्या अजून."

"तो परत विचारत बसेल, वहिनी," हिशेबनीस म्हणाले. "दर महिन्याला."

"विचारू दे."

"कधीतरी कंटाळून नाही म्हणालच तुम्ही."

"तेव्हा बघू."

हिशेबनिसांनी 'नंतर विचारा' दाबलं. चौकट मिटली. पडद्यावर परदेशातली मुलगी विचारत होती, बाबा, झालं का, मला काहीच दिसलं नाही.

पाचर परत त्याच खुर्चीत बसला.

लोक पांगले. कुणीतरी वायर गुंडाळली. झाडूने फरशीवरचे केस गोळा झाले आणि सुपलीत गेले. बायको आणि चिमणी खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावू लागल्या. शेवटची एकच उरली. चिमणीने ती एका हाताने उचलायला घेतली. हलली नाही. मग दोन्ही हातांनी.

"आई, ही बघ ना. उचलतच नाहीये."

बायको आली. दोघींनी दोन बाजूंनी धरून जोर लावला. बायकोचा चेहरा पाचरच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर होता. तिच्या कपाळावर घाम होता.

"कसली जड आहे गं ही," ती म्हणाली. "राहू दे इथेच. उद्या कुणालातरी सांगू."

त्या जिना चढून वर गेल्या. अंगणात ऊन पूर्ण उतरलं.

पाचर उठला नाही. उठला असता तर खुर्ची हलकी झाली असती.